पुढच्या पाळीपर्यंत

एका कुपीत पांढरी पावडर, दुसरीत पाणी. नवरा सिरिंजमध्ये पाणी ओढतो, पावडरीवर सोडतो आणि कुपी दोन तळव्यांत हळूहळू फिरवतो. जोरात हलवायची नाही, फेस होतो, असं इथल्या नर्स दीदींनी पहिल्याच दिवशी बजावलंय. हा मूळचा विट्याकडचा, बडाबाजारात सोन्याची गलाई करतो. रोज तेजाब हाताळणारा हात इथेही थरथरत नाही. बायको बेंबीपासून दोन बोटं सोडून कातडी चिमटीत धरते. काल डावीकडे, आज उजवीकडे. दक्षिण कोलकात्यातल्या या वंध्यत्व उपचार केंद्रात मी त्यांच्यासोबत बसते, ती बंगालीचं मराठी करून सांगायला.

पावडर म्हणजे पाळी थांबलेल्या बायकांच्या लघवीतून शुद्ध केलेलं संप्रेरक. तिला हे मी सांगितलं तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला. पण पाळी थांबलेल्या बायकांचीच लघवी का, हे समजून घेण्यासारखं आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी अंडाशयाला कामाला लावते आणि अंडाशय आपल्या इस्ट्रोजेननं तिला उलटा निरोप देतं : पुरे, आता आवर. पाळी गेली की हा निरोप बंद होतो आणि ग्रंथी ‘एफएसएच’ व ‘एलएच’ ही संप्रेरकं ओततच राहते. ती लघवीतून बाहेर पडतात. आता प्रयोगशाळेत पेशींकडून बनवलेलं एफएसएचही मिळतं.

याच उलट्या निरोपामुळे एरवी महिन्याला साधारण एकच बीज पिकतं. सुरुवातीला बरीच बीजपुटकं, म्हणजे बीजाच्या पिशव्या, वाढू लागतात. त्यांच्या इस्ट्रोजेनमुळे एफएसएच उतरतं आणि सर्वांत पुढे गेलेलं तेवढं टिकतं, बाकीची सुकतात. रोजचं इंजेक्शन एफएसएच उतरू देत नाही, म्हणून मागचीही वाढतात.

दर सोनोग्राफीला डॉक्टर पुटकांची मापं मिलिमीटरमध्ये बोलतात आणि दीदी लिहून घेतात. मधल्या दिवसांत दुसरं इंजेक्शन सुरू होतं. वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे एलएच एकदम उसळलं, तर बीजं वेळेआधीच सुटून जातील. ती उसळी हे औषध रोखतं. काही पुटकं १८ मिलिमीटरपर्यंत गेली की ‘ट्रिगर’, म्हणजे बीजं पूर्ण पिकवणारं शेवटचं इंजेक्शन. बीजं परवा सकाळी सव्वानऊला काढायची, म्हणून ट्रिगर आज रात्री सव्वानऊला, बरोबर ३६ तास आधी. लवकर काढली तर बीजं कच्ची, उशीर झाला तर हाती काहीच नाही.

“ताई, मग याच महिन्यात ठेवत्यात का गर्भ?” ती विचारते. गावाकडून सासूबाईंचा रोज फोन येतो.

डॉक्टर नाही म्हणतात. एवढ्या बीजांमुळे रक्तातलं इस्ट्रोजेन नेहमीच्या कितीतरी पट चढलंय. पोटात पाणी साचायचा धोका आहे. शिवाय अशा महिन्यात गर्भाशयाचं अस्तर गर्भाच्या वाढीशी मेळ राखेलच असं नाही. प्रयोगशाळेत तयार होणारे गर्भ गोठवायचे, शरीर शांत होऊ द्यायचं आणि पुढच्या पाळीत बघायचं.

हे मला या शहरात ऐकताना फार लागतं. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हेच कोलकात्यात केलं होतं आणि १९७८ साली त्यातून बाळ जन्मलं. त्याच वर्षी २५ जुलैला इंग्लंडमध्ये जन्मलेली लुईझ ब्राउन नैसर्गिक पाळीतल्या एकाच बीजापासून झाली होती. मुखोपाध्याय यांनी लघवीतून मिळवलेलं हेच संप्रेरक टोचून अनेक बीजं पिकवली. ती लॅप्रोस्कोपीनं नव्हे, योनिमार्गानं काढली. गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीत गर्भाशयात सोडला. ३ ऑक्टोबरला ‘दुर्गा’ जन्मली. सोबत गोठवणतज्ज्ञ सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य होते.

हे नशिबानं जमलेलं नव्हतं. एडिंबरोला त्यांनी प्रजनन-संप्रेरकांवरच डॉक्टरेट केली होती, एलएच मोजण्याची पद्धत बसवली होती. पण १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते रेडिओफिजिक्सचे. दावा खोटा ठरवला गेला. पुढच्या वर्षी जपानला जाऊन आपलं काम मांडायची परवानगीही नाकारली गेली. १९८१ साली त्यांची बदली नेत्रसंस्थेत झाली. ज्याला अंडाशय कळतं त्याला डोळ्यांकडे पाठवणं हा माझ्या मते निव्वळ क्रूरपणा होता. त्याच वर्षी त्यांनी जीव दिला. पन्नाशीत होते.

न्याय मिळाला तो मुंबईच्या माणसाकडून. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली, तेव्हा भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून मान मिळाला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांना. १९९७ साली आनंदकुमारांनी मुखोपाध्याय यांचे कागद वाचले, पडताळले आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे असं स्वतः लिहून छापलं. स्वतःच्या नावावरची गोष्ट अशी काढून देणारा शास्त्रज्ञ विरळाच.

इकडे दीदी बायकोच्या फाईलवर पुढची तारीख घालत नाहीत. पाळी आली की फोन करा, दुसऱ्या दिवशी अस्तर बघू, एवढंच सांगतात. नवरा विचारतो, गोठवायचे पैसे आजच भरायचे का? भरायचे असतात.