छापील सौरघट आणि शाईतला क्लोरोफॉर्म

क्लोरोफॉर्म म्हटले की आम्हा डॉक्टरांना भूलशास्त्राचा इतिहास आठवतो. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतिवेदना कमी करण्यासाठी तो वापरला. पुढे यकृत आणि हृदयावरील दुष्परिणामांमुळे तो मागे पडला. आता तो भेटतो सौरऊर्जेच्या प्रयोगशाळेत, शाई बनवताना.

ही शाई सेंद्रिय सौरघटांची. इथे ‘सेंद्रिय’चा शेणखताशी संबंध नाही. सिलिकॉनऐवजी कार्बनयुक्त पदार्थ, बहुधा पॉलिमर, वापरतात एवढाच अर्थ. वीजवाहक पॉलिमरच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या घटात एक पदार्थ प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन देतो, दुसरा तो घेतो. दोन्ही द्रावकात विरघळवले की शाई तयार. मग वर्तमानपत्रासारखे प्लॅस्टिकच्या रिळावर थरावर थर छापायचे. वीज देणारा थर केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ असतो. सिलिकॉन वितळवायला १,४०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. इथे शाई वाळवण्यापुरती पुरते. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल विद्यापीठात पॉल दस्तूर यांच्या गटाने तर वाइनच्या बाटल्यांची लेबले छापणारे यंत्र यासाठी वापरले.

उणिवा आहेतच. प्रयोगशाळेतल्या चिमुकल्या घटांनी १९ टक्के कार्यक्षमता ओलांडली असली, तरी छापील लांब पट्ट्या खूप मागे आहेत. हवा आणि ओलाव्याने त्या लवकर खराब होतात. सिलिकॉनचे पॅनेल मात्र २५ वर्षे सहज टिकते.

डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती द्रावकाची. चांगली कार्यक्षमता देणाऱ्या अनेक शाया क्लोरोफॉर्म किंवा क्लोरोबेंझिनमध्ये बनतात. प्रयोगशाळेत थेंबभर शाई पुरते आणि वाफ ओढून घेणारी सोय असते. कारखान्यात मैलोन्‌मैल पट्टी छापताना सगळे द्रावक उडून जाणार. वायुवीजन नीट नसेल, तर ते कामगाराच्या श्वासात जाईल. सुरुवात डोकेदुखी आणि चक्करेने होते. वर्षानुवर्षे संपर्क राहिला तर यकृताला धोका असतो.

यावर उपाय शोधले जात आहेत. न्यूकॅसलच्याच गटाने पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळून शाई केली. तिच्यातून वीज कमी मिळते, पण छापणाऱ्याच्या छातीत विषारी वाफ जात नाही.

उद्या अशी पट्टी बाजारात आली की आपण किती वॅट आणि किती रुपये हे विचारूच. ती कशात विरघळवून छापली, हेही विचारायला हवे. स्वच्छ विजेची किंमत छापखान्यातल्या माणसाच्या यकृताने चुकवू नये.