इथेनॉलचे मित्र, साखरेचे वैरी

मुलुंडच्या पेट्रोलपंपावर मी स्कूटरमध्ये एक लिटर पेट्रोल भरतो, तेव्हा त्यातले सुमारे २०० मिलिलिटर इथेनॉल असते. उसाचे, मक्याचे किंवा तांदळाच्या कणीचे. याची प्रायोगिक चाचणी २००१ साली आपल्याच मिरज आणि मनमाडला झाली होती. २०१४ मध्ये मिश्रण जेमतेम दीड टक्का होते, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोहोचले. या प्रवासात ब्राझीलचे नाव वारंवार येते. मी काही अर्थतज्ज्ञ नव्हे. नोकरी सांभाळून अहवाल वाचत गेलो आणि त्या वाचनात एक कोडे हाती लागले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. उसाला सरकारने ठरवून दिलेला भाव आणि साखर निर्यातीचे अनुदान यांमुळे जगात साखर स्वस्त होते, असे तिचे सार. वर्षही उलटले नाही तोच, जानेवारी २०२० मध्ये ब्राझीलचे अध्यक्ष बोल्सोनारो प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीत आले आणि जैवऊर्जा सहकार्याचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाचा निकाल भारताविरुद्ध गेला. भारताने अपील केले. सप्टेंबर २०२३ मध्ये मात्र दिल्लीच्या जी-२० परिषदेत हेच दोन देश जागतिक जैवइंधन आघाडीच्या संस्थापकांत होते.

एकाच उसावरून भांडणही आणि मैत्रीही, हे कसे? उत्तर साखरेच्या पोत्यात आहे. ब्राझील हा जगातला सर्वांत मोठा साखर निर्यातदार. आपल्या कारखान्यांनी उसाचा रस इथेनॉलकडे वळवला, की तेवढी साखर निर्यातीला उरत नाही आणि ब्राझीलच्या साखरेचा भाव टिकतो. इकडे आपली तेलाची आयात थोडी घटते, कारखान्याच्या हाती पैसा लवकर येतो आणि शेतकऱ्याची एफआरपी थकण्याचा धोका कमी होतो.

पण दोन फरक विसरून चालणार नाहीत. ब्राझीलने १९७५ साली, तेलाच्या भडक्यानंतर, हा कार्यक्रम हाती घेतला. तिथला बहुतेक ऊस पावसावर येतो. आपला पाटाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर. २०२३ मध्ये महाराष्ट्रात पावसाने ओढ दिली, साखर कमी पडण्याची चिन्हे दिसली आणि डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. काही दिवसांत ती सैल झाली, पण धोका कळून चुकला.

दुसरा फरक पंपावरचा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून ब्राझीलचा गाडीवाला सोपा हिशोब करतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. तिथल्या पेट्रोलमध्येही इथेनॉल मिसळलेले असते, पण दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या २००३ पासून रस्त्यावर आहेत. मला मात्र पंपावर अशी निवड नाही. त्याच हिशोबाने माझ्या लिटरमधली सहा-सात टक्के ऊर्जा घटली. भाव काही त्या मानाने उतरला नाही.

ग्राहकाला निवड कशी द्यावी, हे ब्राझीलकडून शिकता येईल. पाण्याचा हिशोब मात्र आपला आपल्यालाच मांडावा लागेल.