तळपायापासून मस्तकापर्यंत

संध्याकाळचे सात वाजलेत. पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला तुम्ही स्कूटरवर उभे आहात. तेवढ्यात डावीकडून एक जण चाक घुसवतो, तुमच्या आरशाला धक्का देतो आणि वर तुम्हालाच विचारतो, "ओ काका, दिसत नाही का?" झालं! तळपायाची आग मस्तकात.

इथेच जरा थांबू या, कारण या दोन सेकंदांत तुमच्या अंगात जे घडलं, ते त्या चौकातल्या गर्दीपेक्षा कितीतरी थक्क करणारं आहे.

कानांच्या पातळीवर, मेंदूच्या खोल भागात बदामाच्या आकाराचे दोन पुंजके असतात. त्यांचं नाव अमिग्डला. चूक कोणाची, हा विचार पुरता व्हायच्या आधीच ते धोक्याची घंटा वाजवतात. निरोप पोचतो मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींपर्यंत, आणि रक्तात अॅड्रेनॅलिन उतरतं. हृदय धडधडू लागतं. यकृत साठवलेली साखर मोकळी करतं. जास्त हवा आत यावी म्हणून नाकपुड्या फुलतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1915 साली या सगळ्या तयारीवर आख्खं पुस्तक लिहिलं. ही तयारी लढायची किंवा पळायची. आणि आपण ती वापरतो कशासाठी? दोन बोटांनी सरळ करता येईल अशा आरशासाठी!

आता एक गंमत बघा. घाबरलो की आपण म्हणतो, "हातपाय गार पडले." चिडलो की म्हणतो, "हात शिवशिवतायत." भावना दोन, पण दोन्हींचा पत्ता हातच. का बरं? 1983 मध्ये पॉल एकमन, रॉबर्ट लेव्हेन्सन आणि वॉलेस फ्रीसन यांनी काही नटांना आणि संशोधकांना वेगवेगळ्या भावना जागवायला लावल्या आणि त्यांच्या बोटांचं तापमान मोजलं. राग आणि भीती दोन्हींत हृदय जोरात धावत होतं, पण रागात बोटं गरम झाली, भीतीत झाली नाहीत. हे मोजायला प्रयोगशाळा लागली. आपल्या आज्यांच्या बोलण्यात मात्र ते कधीचंच होतं.

बरं, सिग्नल सुटला. तुम्ही घरी पोचलात. आतून कोणीतरी साधंच विचारलं, "दूध आणलं का?" आणि तुम्ही खेकसलात! दुधाने काय केलं होतं? काहीच नाही. चौकात पेटलेलं शरीर विझायला वेळ लागतो, आणि उरलेली धग समोर येईल त्या कारणाला चिकटते. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं. मराठीत त्यासाठी तीन शब्द पुरतात: वड्याचं तेल वांग्यावर.

मग हे तेल काढून टाकायचं कसं? उशीवर बुक्के मारावेत, म्हणजे राग निघून जाईल, असं आपल्याला वाटतं. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये हेच तपासलं. आधी विद्यार्थ्यांना डिवचलं. मग काहींना, डिवचणाऱ्याला डोळ्यासमोर आणून, बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले! राग वाफेसारखा कोंडलेला नसतोच मुळी. तो चुलीसारखा असतो, लाकूड घालाल तितका पेटतो.

शरीराने मात्र एक दार उघडं ठेवलंय. आत्ताच करून बघा. मनगटावर बोटं ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. नाडी किंचित जलद होते. आता सावकाश सोडा. ती मंदावली, कळलं? हृदय थेट आपल्या हुकमात नाही, पण श्वास आहे, आणि व्हेगस नावाची चेता दोघांना जोडते. उच्छ्वास लांबवला की हृदयाला लगाम बसतो.

दुसरं दार शब्दांचं. मॅथ्यू लीबरमन यांनी 2007 मध्ये मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं, की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी अमिग्डलाची खळबळ कमी होते. आणि नावांच्या बाबतीत आपण केवढे श्रीमंत! चीड, संताप, वैताग, तिडीक, त्रागा. शिवाय रुसवा, माझ्या मते या सगळ्यांत सुंदर. नळ स्टॉपला अनोळखी माणसावर कोणी रुसतं का? रुसायला आपलं माणूस लागतं, मनवायला येईल अशी खात्री असलेलं.

असा रुसवा आणि असं मनवणं बघायला पुण्याहून फार लांब जायला नको, आळंदीपर्यंत चला. तेराव्या शतकातली गोष्ट. लोकांच्या अपमानाने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी कथा आहे. बाहेर उभी धाकटी बहीण, मुक्ताबाई. ती त्यांना 'रागवू नकोस' एवढंच सांगून थांबत नाही. लोक चांगलेच आहेत, असंही म्हणत नाही. ती घडलेल्या गोष्टीचा अर्थच बदलून दाखवते. आपल्याच दातांखाली आपली जीभ सापडली, तर कोणी दात पाडून टाकतं का, असं विचारते. मघाचा परका एका क्षणात आपल्याच तोंडातला दात झाला! आजचे मानसशास्त्रज्ञ याला घटनेचं पुनर्मूल्यांकन म्हणतात आणि राग शमवण्याच्या उत्तम उपायांत त्याची गणना करतात. मुक्ताबाई तेव्हा लहान मुलगीच होती.

तिचं हे बोलणं म्हणजेच ताटीचे अभंग. ते सगळे तिच्याच तोंडचे आहेत. आत बसलेला भाऊ त्यांत एक शब्दही बोलत नाही.