पेटीतली हवा गेली कुठे?



गेल्या हिवाळ्यात आम्ही बापलेकींनी गॅरेजमध्ये एक लाकडी पेटी बनवली. लेक अकरावीत. तिला तिच्या पहिल्या, जुन्या गाडीत खर्जाचा आवाज देणारा सबवूफर हवा होता. बारा इंची स्पीकर तिने शेजाऱ्यांची मुले सांभाळून साठवलेल्या पैशांतून घेतला. पेटी मात्र घरीच करायची ठरली. पाऊण इंच जाडीचे एमडीएफ आणले, आत साधारण २८ लिटर हवा मावेल असे माप घेतले. सगळे जोडून गाणे लावले, तर डग्याच्या घुमाऱ्याऐवजी पत्र्याचा डबा वाजला! शिवाय कुठून तरी फुस्स, फुस्स.

आम्ही खापर स्पीकरवर फोडले. "परत करून टाक, पैसे वाया गेले," असे बोलूनही बसलो. लेक हिरमुसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, आधी पेटी तरी तपासू या ना."

ती तपासायची का, ते समजायला सायकलचा पंप आठवा. पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा ढकलला, तर तो स्प्रिंगसारखा मागे येतो. कोंडलेली हवा दाबली की तिचा दाब वाढतो, हा रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली मांडलेला नियम. बंद पेटीतली हवा हीच स्पीकरच्या पडद्याची स्प्रिंग. आमच्या पेटीत पडदा फक्त ५ मिलिमीटर आत ढकलला, तरी हवा सुमारे साडेचार किलो वजनाइतक्या जोराने विरोध करायला हवी.

फट असली की हा जोर निसटतो. उंच स्वरात पडदा सेकंदाला हजारो वेळा हलतो, हवेला फटीतून पळायला वेळच मिळत नाही. खर्जात तो सेकंदाला ३० वेळाच हलतो. तेवढ्यात हवा आतबाहेर करते, म्हणून नेमका खर्जच पातळ होतो. (काही पेट्यांना मुद्दाम नळी बसवलेली असते. त्यांचे गणित वेगळे.)

आम्ही तीन परीक्षा घेतल्या.

१. दोन्ही हातांची बोटे पडद्यावर सारखी पसरून तो हलकेच आत दाबला. हवाबंद पेटीत विरोध टिकतो. आमच्या पेटीत तो क्षणात विरला. म्हणजे गळती नक्की.

२. स्पीकर काढून आत टॉर्च ठेवला आणि गॅरेजमधले दिवे घालवले. एका कोपऱ्यातून उजेडाची बारीक रेघ दिसली.

३. स्पीकर परत बसवून, गाडीचे इंजिन बंद ठेवून, फोनवरून ३० कंपनांचा सूर बारीक आवाजात लावला आणि सांध्यांजवळून उदबत्ती फिरवली. मागच्या बाजूला, वायर जोडायच्या चकतीपाशी, धूर थरथरू लागला. (हा प्रयोग मोठ्यांसमोरच करा. उदबत्ती पडद्यापासून आणि ओल्या गोंदापासून लांब ठेवा.)

त्या चकतीचे भोक आम्हीच पाडले होते, घाईत आणि गरजेपेक्षा मोठे! दिवसभर कचेरीत प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या आम्हाला स्वतःची चूक दिसली नव्हती.

दुरुस्ती सोपी. कोपऱ्यांत आतून लाकडाचा गोंद भरला. चकती काढून तिच्या कडेला सिलिकॉन लावले. साध्या सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो आणि ती वाफ तांब्याच्या तारांना मानवत नाही, म्हणून स्पीकर बाहेर ठेवून पूर्ण २४ तास थांबलो. मग स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी लावली आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले, गाडीच्या चाकाचे आवळतात तसे. एका बाजूनेच आवळत गेले, तर दुसऱ्या बाजूला फट राहते.

दुसऱ्या दिवशी डग्गा घुमला. आम्ही लेकीची माफी मागितली. स्पीकर परत केला असता, तर नवा आणूनही आवाज तसाच फुसका आला असता आणि "आपल्याला जमत नाही" असे तिला कायमचे वाटले असते.

पुढच्या शनिवारी वर्गात सायकलचा पंप आणणार आहोत. अंगठा तुमचा!