व्हेनिसचा चित्रपट महोत्सव : पारितोषिक कोणी द्यावे?

व्हेनिसजवळच्या लिडो बेटावर, एक्सेल्सियर हॉटेलच्या गच्चीत ६ ऑगस्ट १९३२ रोजी सुरू झालेला चित्रपट महोत्सव जगातील सर्वांत जुना मानला जातो. १८९५पासून भरत आलेल्या ‘बिएन्नाले’ या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाची ती शाखा होती आणि पहिल्या वर्षी परीक्षक नेमलेच नसल्याने प्रेक्षकांचा कौल घेण्यात आला. सर्वांत मनोरंजक चित्रपट म्हणून त्यांनी रने क्लेअर यांच्या ‘आ नू ला लिबर्ते’ला पसंती दिली. हे मोकळेपण फार टिकले नाही. १९३४मध्ये सर्वोच्च चषकाला मुसोलिनीचे नाव देण्यात आले, आणि १९३८मध्ये तो जर्मनीच्या ‘ऑलिंपिया’ला व मुसोलिनीपुत्र व्हित्तोरिओ याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या इटालियन चित्रपटाला मिळाल्यावर संतापलेल्या फ्रान्सने कान येथे स्वतःचा महोत्सव भरवण्याचे ठरवले, जो युद्धामुळे प्रत्यक्षात १९४६मध्ये झाला.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’चा व्हेनिसमध्ये झालेला गौरव याच काळातील, १९३७चा आहे. त्यामुळे तो उणा ठरत नाही. दामले-फत्तेलाल यांनी विष्णुपंत पागनीसांकडून साकारून घेतलेल्या त्या निःसंग भक्तात कोणत्याही सत्तेच्या कामी येईल असे काहीच नव्हते, आणि तरीही त्याची दखल घ्यावी लागली.

युद्धानंतर, १९४९पासून, संत मार्क यांच्या सिंहाचे, म्हणजे व्हेनिसच्या नगरचिन्हाचे, पारितोषिक सुरू झाले, तेच पुढे ‘सुवर्णसिंह’ म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले. १९५१मध्ये ते ‘राशोमोन’ला मिळाल्याने पाश्चात्त्यांना जपानी चित्रपटाची खरी ओळख झाली, १९५७मध्ये सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ला ते देणाऱ्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष रने क्लेअर होते. मात्र १९६८च्या विद्यार्थी-कलावंतांच्या आंदोलनाने स्पर्धा या कल्पनेवरच आक्षेप घेतला, आणि १९६९ ते १९७९ या काळात सुवर्णसिंह दिलाच गेला नाही. पारितोषिकाविना महोत्सवाचे तेज मंदावले, हे मान्य करावेच लागते. १९८०मध्ये स्पर्धा परतली.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४मध्ये नव्या प्रवाहांसाठी असलेल्या ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा, तसेच पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा ‘भविष्याचा सिंह’ हा पुरस्कार मिळाला. २०२०मध्ये मुख्य स्पर्धेत असलेल्या त्यांच्या ‘द डिसायपल’ला परीक्षकांनी पटकथेचे पारितोषिक दिले, आणि अधिकृत परीक्षक मंडळापासून स्वतंत्रपणे निवड करणाऱ्या ‘फिप्रेस्की’ या समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही आपला पुरस्कार त्याच मराठी चित्रपटाला दिला.