यांतो, सोयोसो, केखीदो: स्पॅनिश रडण्याचे शब्द

इग्नासिओ सांचेझ मेखीआस या बैलझुंजाऱ्याला ऑगस्ट १९३४ मध्ये बैलाने शिंगावर घेतले आणि दोन दिवसांनी तो माद्रिदमध्ये वारला. त्याच्यावरची लोर्काची दीर्घ कविता १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकातला पहिलाच शब्द ‘यांतो’. साधा कोश सांगतो, रडणे. पण सोयोसो, खेमीदो, केखीदो, लामेंतो, आलारीदो ही त्याची भावंडेही कोशात आसपासच नांदतात, आणि भाषांतरकाराची पंचाईत तिथेच सुरू होते.

यांतोचे मूळ लॅटिन ‘प्लांक्तुस’, म्हणजे छाती पिटणे. मराठीत आपण ‘ऊर बडवून रडणे’ म्हणतो, तेच. पैसे घेऊन मयतीला रडणाऱ्या बायकांना स्पॅनिशमध्ये ‘प्लान्यिदेरा’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. तान्ह्या मुलाचे रडणे यांतोच, आणि मृतासाठी रचलेले शोककाव्यही यांतोच. म्हणून लोर्काच्या शीर्षकासाठी ‘शोक’ मला अपुरा वाटतो. शोक मुकाही असू शकतो, यांतो नाही. ‘विलाप’ त्यातल्या त्यात जवळचा.

सोयोसो म्हणजे हुंदका. त्याच्या लॅटिन पूर्वजाचा अर्थ उचकी असाही होता, आणि फरक ओळखायची खूण तीच: श्वास अडकून तुटतो. यांतो वाहतो, सोयोसो मोजता येतो. लामेंतोत शब्द असू शकतात, गाऱ्हाणे मांडता येते. हुंदक्यात ती सोय नाही.

खरा गोंधळ खेमीदो आणि केखीदो यांचा. दोन्हींना आपण ‘कण्हणे’ म्हणून मोकळे होतो. पण खेमीदो वेदनेचा असतो तसाच सुखाचाही. प्रणयप्रसंगात तो सर्रास येतो. केखीदोच्या पोटात ‘केखा’, म्हणजे तक्रार, आहे. तिथे दुखणे हवेच. आंदालुसियात त्यातला ‘द’ गळतो आणि ‘केखीओ’ होतो. फ्लामेंकोचा गायक शब्दांआधी जो लांबलचक ‘आय’ लावतो, त्याला हेच नाव आहे. या गायकीसाठी लोर्का आणि संगीतकार मान्वेल दे फाया यांनी १९२२ साली ग्रानादात स्पर्धा भरवण्यात पुढाकार घेतला होता. तिथल्या केखीओला कण्हणे म्हटले तर तो गायक आजारी वाटेल!

शेवटचे ‘-ईदो’ही पाहण्यासारखे आहे. कुत्र्याचे भुंकणे ‘लाद्रीदो’, गाईचे हंबरणे ‘मुखीदो’, लांडग्याचे ‘आउयीदो’. माणसाचे कण्हणे त्याच पंगतीत बसते. मराठीला यात नवल नाही. हंबरणाऱ्या गाईवरूनच आपला हंबरडा आला.

उरला ‘ग्रीतो’. तो मोठ्याने ओरडण्याइतकाच बांधलेला, भावनेला नाही. मारियाची ऐकताना आनंदाने ठोकलेली आरोळी ग्रीतो, आणि १६ सप्टेंबर १८१० रोजी डोलोरेस गावात पाद्री इदाल्गोने दिलेली बंडाची हाकही ग्रीतो. १५ सप्टेंबरच्या रात्री मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष ती आजही सज्जातून देतात. एखाद्याने आकाशपाताळ एक केले तर स्पॅनिश माणूस म्हणतो, त्याने ग्रीतो आभाळात नेऊन ठेवला. आलारीदो मात्र असा कुठेही चालत नाही. तो भीतीचा किंवा असह्य वेदनेचा, आणि जुन्या अर्थाने, लढाईत उतरताना मूर सैनिकांनी केलेल्या गर्जनेचा. पहिल्या अर्थाला मराठीत ‘किंकाळी’ चालते, दुसऱ्याला नाही.