नाइट, शिलेदार आणि आपलं वांगणी स्टेशन



गोष्टीच्या पुस्तकात 'नाइट' हा शब्द आला की चौथीतलं एखादं मूल हमखास विचारतं, "मॅडम, नाइट म्हणजे रात्र ना?" उच्चार तोच, पण हा नाइट म्हणजे मध्ययुगीन युरोपातला घोडेस्वार योद्धा. मुलांना त्याचं चिलखत आणि तलवार आवडते. आपण मात्र त्यांना त्याची कर्तव्यंही सांगायला हवीत.

नाइट कसा घडायचा?
सातव्या वर्षाच्या सुमारास मुलगा एखाद्या सरदाराच्या घरी सेवेला जाई. चौदाव्या वर्षापासून तो एका नाइटचा मदतनीस होई. घोडा सांभाळणं, शस्त्रं साफ करणं ही त्याची कामं. एकविसाव्या वर्षाच्या आसपास खांद्याला तलवार टेकवून त्याला 'नाइट' केलं जाई.

राजा आर्थर आणि गोलमेजाच्या दंतकथा थॉमस मॅलरीने एकत्र केल्या. ते पुस्तक १४८५ साली छापलं गेलं. त्यात नाइट दरवर्षी शपथ घेतात: खून करायचा नाही, दगा द्यायचा नाही, शरण आलेल्याला अभय द्यायचं, स्त्रियांच्या मदतीला जायचं आणि पैशासाठी अन्यायाची बाजू घेऊन लढायचं नाही. आता गंमत बघा. खरे नाइट बऱ्याचदा गावं लुटत आणि शेतकऱ्यांना छळत. म्हणूनच तर अशा शपथेची गरज पडली!

आपल्याकडे काय होतं?
शिवरायांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळत. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येई. म्हणजे नाइटच्या जवळचा आपला माणूस शिलेदार. सभासद बखरीत लष्कराचे नियम दिले आहेत. पंचवीस स्वारांवर एक हवालदार. मोहिमेत बायका-मुलांना धरायचं नाही. मिळालेली लूट लपवायची नाही, सरकारात जमा करायची.

आणि एक पत्र तर प्रत्येक वर्गात सांगावं असं आहे. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी घोडदळाची छावणी होती. तिथल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी बजावलं, की दाणागोटा आताच उधळलात तर भर पावसात तुमची माणसं शेतकऱ्यांच्या घरात शिरतील. कोणी धान्य, कोणी गवत, कोणी भाजीपाला उचलेल. मग रयतेला तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेतील आणि गवताची गंजी पेटेल, हेही त्यात आहे! लढाईत मर्दुमकी गाजवणाऱ्या माणसाची खरी परीक्षा शेतकऱ्याच्या दारात होते, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

आणि आज?
"आता नाइट नसतात का?" असं मुलांनी विचारलं तर त्यांना वांगणी स्टेशन दाखवा. १७ एप्रिल २०२१. दृष्टिहीन आईचा हात सुटून लहान मूल फलाटावरून रुळांवर पडलं आणि समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्या दिशेनेच धावले. मुलाला वर ठेवलं आणि पुढच्या क्षणी स्वतःही वर चढले. बक्षिसाच्या पन्नास हजारांतली निम्मी रक्कम त्या मुलाला देणार असल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे घोडा नव्हता, चिलखतही नव्हतं. पण मॅलरीच्या शपथेतलं कलम न् कलम त्या काही सेकंदांत आलं.

वर्गात करून पाहा
मुलांना गोलात बसवा. गोलमेजाला वरची जागा नसते, सगळे सारखे. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "माझ्यापेक्षा दुबळं कोण आहे, आणि मी त्याच्यासाठी काय करीन?" उत्तरं फळ्यावर लिहा. हीच तुमच्या वर्गाची शपथ. पालकांनो, घरी जेवताना हाच प्रश्न विचारून बघा. आणि हो, आधी उत्तर आपण द्यायचं, मग मुलांनी!